अपिलात बालकाची साक्ष कशी पारखली जाते?

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयात रद्द झाली, की ‘मग खालच्या न्यायालयाने पाहिले तरी काय?’ असा प्रश्न वृत्तपत्र वाचणाऱ्याच्या मनात उमटतो. वास्तविक दोन्ही न्यायालयांपुढील पुरावा बहुधा तोच असतो. मात्र सत्र न्यायाधीशांनी मुलाला बोलताना पाहिलेले असते. अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींच्या हाती येते ती त्या बोलण्याची टंकलिखित प्रत. मूल कोठे अडखळले, कोठे गप्प झाले, हे त्या कागदावर क्वचितच उतरते.

म्हणूनच साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशांच्या मताला अपिलात वजन असते. तरीही अपील न्यायालयाला सर्व पुरावा नव्याने तपासण्याचा अधिकार आहे. निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलात आरोपीची बाजू अधिक भक्कम मानली जाते. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर मुक्ततेचा निकाल फिरवू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

साक्ष देण्यासाठी कायद्यात किमान वयाची अट नाही. प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देता आले म्हणजे पुरे. बालकाला कोणी पढवले आहे काय, हे मात्र बारकाईने पाहिले जाते. साक्ष विश्वासार्ह वाटल्यास अन्य दुजोऱ्याविनाही शिक्षा होऊ शकते. खरा वाद असतो तो विसंगती कोणती महत्त्वाची आणि कोणती किरकोळ, याचा. पंजाबातील १९८४ च्या एका प्रकरणात परीक्षेहून परतणाऱ्या १६ वर्षांखालील विद्यार्थिनीला मोटारीतून पळवून नेण्यात आले होते. मोटार कोणत्या बनावटीची होती हे तिला सांगता आले नाही, तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांवरून खालच्या न्यायालयाने तिच्यावर अविश्वास दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही कारणे फेटाळून आरोपींना दोषी ठरवले. भेदरलेल्या मुलीने मोटारीची बनावट लक्षात ठेवावी, ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक होती!

शरीरावर जखमा नसणे याचेही तसेच. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या, अंदाजे १४ ते १६ वर्षांच्या आदिवासी मुलीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली होती. जखमा व प्रतिकाराची चिन्हे नसल्याचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने ती १९७८ मध्ये रद्द केली. या निकालाविरुद्ध देशभर उसळलेल्या संतापानंतर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आज केवळ जखमा नाहीत म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

‘पोक्सो’ या २०१२ च्या कायद्यातील कलम २९ नुसार काही गुन्ह्यांत आरोपी दोषी असल्याचे गृहीत धरले जाते. परंतु पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील होती आणि घटना घडली, एवढे तरी सरकार पक्षाने आधी सिद्ध करावे, अशी अपेक्षा न्यायालये ठेवतात. अनेक अपिले वयाच्या दाखल्यापाशीच अडखळतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला वयाचा पुरेसा पुरावा न मानता ‘पोक्सो’खालील शिक्षा रद्द केली. तपासात जन्मदाखला वेळीच मिळवण्याची हयगय अशी महागात पडते.

अपिलातला प्रत्येक फेरबदल पुराव्यावर अविश्वास दाखवणारा नसतो. जानेवारी २०२१ मधील नागपूर खंडपीठाच्या गाजलेल्या निकालात १२ वर्षांच्या मुलीची साक्ष खोटी ठरली नव्हती. त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, म्हणून ‘पोक्सो’खालील लैंगिक हल्ला होत नाही, असा कायद्याचा अर्थ तेथे लावला गेला आणि आरोपीला विनयभंगाची सौम्य शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो अर्थ अमान्य केला. स्पर्शामागील लैंगिक हेतू निर्णायक असल्याचे सांगून त्याने सत्र न्यायालयाची तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली.