आयझेनहाइमची मजूरघरे

आमच्या पूर्वजांना ऊसमळ्याच्या कँपात जे घर मिळाले ते मालकाचे होते. काम सुटले की घर सुटे. जर्मनीच्या रूर खोऱ्यातही खाणी आणि लोखंडाचे कारखाने मजुरांना घरे देत, ती याच अटीवर. तिथल्या मजुराला गिरमिटावर अंगठा द्यावा लागला नाही, काळे पाणी ओलांडावे लागले नाही, हा फरक आम्ही विसरत नाही.

ओबरहाउझेन शहरातले आयझेनहाइम ही त्या खोऱ्यातली सर्वांत जुनी कामगार वसाहत, १८४६ साली सुरू झालेली. तिथल्या नंतरच्या विटांच्या घरांत चार-चार कुटुंबे राहत आणि प्रत्येकाचे दार वेगळ्या दिशेला उघडे. मागे भाजीचे वाफे, जनावरांचे गोठे, तिथेच संडास. (आमच्या आजीला हे परसू परके वाटले नसते.)

१९७०च्या सुमारास ही घरे पाडून तिथे नव्या इमारती उभारायचा बेत झाला. रहिवाशांनी नकार दिला. कलेचे इतिहासकार रोलंड ग्युंटर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९७२ साली वसाहतीला वारशाचे संरक्षण मिळाले. पुढे तिथे न्हाणीघरे आली, घराला मध्यवर्ती ऊब देणारी यंत्रणा आली.

पण जुने घर उबदार करणे नाजूक काम आहे. बाहेरून जाड अस्तर लावले तर ज्या विटांसाठी घर वाचवले त्याच झाकल्या जातात. आतून लावले तर मूळ भिंत थंड राहते. खोलीतली दमट हवा अस्तरामागे पोचली की तिथे पाणी सुटते आणि बुरशी धरते. म्हणून आधी माळा आणि तळघराचे छत ऊबबंद करायचे, खिडक्या बदलायच्या, आणि भिंतीला आतून ओल शोषून परत सोडणारा मातीचा गिलावा किंवा लाकूडतंतूचे तक्ते लावायचे. सारवलेल्या घरात वाढलेल्यांना मातीचा हा गुण सांगायला नको.

एके काळी याची फिकीर नव्हती, कारण खाणमजुराला कोळसा मोबदल्यातच मिळे आणि चूल पेटती राही. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, शेजारच्या बोट्रोपमधली, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. आता ऊब विकत घ्यावी लागते, आणि म्हाताऱ्या भाडेकरूला सुधारणेनंतरचे भाडे परवडेल का, हा प्रश्न आम्हाला गिलाव्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मॉरिशसमध्ये १९६०च्या कॅरोल वादळाने गवता-पत्र्याची घरे उडवली आणि आम्ही काँक्रीटकडे वळलो. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा? जीव वाचले. उन्हाळ्यात मात्र तोच स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री आमच्यावर ओततो. ट्रियानॉनच्या दगडी मजूर-खोल्या वारसा म्हणून जपल्या आहेत, पण त्यांत चूल पेटत नाही. आयझेनहाइमचे जुने धुणेघर आज संग्रहालय आहे. त्याच्या शेजारच्या घरांत मात्र माणसे अजून राहतात.