निस्सेनकृत शस्त्रक्रियेचा कालनिर्णय

अम्लपित्त हा रोग आपल्या वैद्यकास नवा नाहीं. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्यास स्वतंत्र अध्याय नसला, तरी माधवनिदानांत तो आहे; व तेथें ऊर्ध्वग आणि अधोग असे त्याचे दोन भेदही सांगितले आहेत. नेपाळांतील त्रुटित ताडपत्री पोथीवरून सन १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेंतही त्याचें विवेचन आढळतें. मात्र हे उपाय शोधन, औषध व पथ्य यांचे, शस्त्राचे नव्हेत. जठरांतील अम्ल वारंवार वर चढून अन्ननलिकेस व्रण पडतात, त्या जुनाट विकारावरील जी शस्त्रक्रिया आज सर्वत्र निस्सेन यांच्या नांवानें ओळखली जाते, ती विसाव्या शतकांतील आहे. तिचें जन्मवर्ष कोणतें मानावें, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

रुडॉल्फ निस्सेन (१८९६–१९८१) हे सायलेशियांतील नाइसे गांवचे, यहुदी कुळांत जन्मलेले शल्यविशारद. बर्लिन येथें सावरब्रुख यांच्या हाताखालीं ते काम करीत असतां सन १९३३ मध्यें नाझी पक्षाच्या हातीं सत्ता गेली, आणि निस्सेन यांस देशत्याग करून इस्तंबूलच्या विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला. तेथें सन १९३६ मध्यें एका तरुण रोग्याच्या अन्ननलिकेचा खालचा, रक्तस्रावी व्रण पडलेला भाग त्यांनीं कापून काढला व उरलेली नलिका जठरास जोडली. सांधा उसवूं नये म्हणून जठराच्या भित्तीच्या घडीनें तो आच्छादला. पुढें कांहीं वर्षांनीं या रोग्यास अम्ल वर येण्याचा त्रास नाहीं, असें त्यांच्या लक्षांत आलें.

यावरून १९३६ हेंच जन्मवर्ष धरण्याचा मोह होतो; परंतु तें ग्राह्य नाहीं. त्या घडीचा हेतु सांध्याचें रक्षण हा होता, अम्लाचा अवरोध हा नव्हे. अन्ननलिकेचा दाह जठररसामुळें होतो, हें न्यूयॉर्कच्या आशर विंकलस्टीन यांनीं सन १९३५ मध्यें नुकतेंच मांडलें होतें. उरोदरपटलाच्या छिद्रांतून जठराचा भाग वर सरकणें व अम्ल उलटणें यांचा संबंध इंग्लंडांतील फिलिप अॅलिसन यांनीं सविस्तर दाखविला तो सन १९५१ मध्यें. निस्सेन १९३९ त अमेरिकेस व १९५२ त स्वित्झर्लंडांतील बाझल येथें गेले. तेथें सन १९५५ मध्यें एका स्त्रीच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोंवतीं जठराचा वरचा फुगीर भाग गुंडाळून त्यांनीं टांके घातले, व या वेळीं हेतु केवळ अम्ल रोखण्याचा होता. सन १९५६ मध्यें स्विस वैद्यकीय साप्ताहिकांत त्यांनीं हा प्रयोग प्रसिद्ध केला.

दस्तऐवजाचा कागद जुना निघाला, तरी त्यावरील मजकूर तितकाच जुना ठरत नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नको. येथेंही घडी १९३६ ची, पण तिचा अर्थ १९५५ चा. तथापि पहिल्या रोग्याची पुढील हकीकत निस्सेन यांनीं ध्यानांत ठेवली नसती, तर दुसरी शस्त्रक्रिया सुचण्यास आधार राहिला नसता.

असाच प्रामाणिकपणा अॅलिसन यांच्या ठायीं दिसतो. स्वतःच्या पद्धतीचा २० वर्षांचा आढावा त्यांनीं १९७३ त छापला, व जवळजवळ निम्म्या रोग्यांत विकार उलटल्याचें नमूद केलें. निस्सेन यांची पद्धतिही निर्दोष नव्हती. घट्ट वेष्टनामुळें गिळण्यास अडचण येई व पोट वायूनें फुगे. म्हणून झाक दोर (१९६२) व आंद्रे तूपे (१९६३) यांनीं अर्धवट वेष्टन सुचविलें, आणि डीमीस्टर यांनीं १९८६ त वेष्टनाची लांबी ४ सेंटिमीटरांवरून १ वर आणली. सन १९९१ पासून हेंच काम दुर्बिणीच्या साह्यानें लहान छिद्रांतून होऊं लागलें. १९८८ त ओमेप्राझोल हें औषध प्रचारांत आल्यावर बहुतेकांस शस्त्राची गरज उरली नाहीं. निवडक रोग्यांसाठीं मात्र ती आजही आहे.

सारांश, १९३६ हें पूर्ववृत्त, १९५५ हा जन्म व १९५६ ही प्रसिद्धि, असा क्रम लावणें आम्हांस युक्त वाटतें.