पेटी, रेडिओ आणि गिटार

राजवटी बदलतात तेव्हा तारखा लिहून ठेवल्या जातात. अभिरुची बदलते तेव्हा तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. कालपर्यंत परका वाटणारा सूर घरचा केव्हा झाला आणि घरचा सूर जुनाट केव्हा ठरला, हे एखादी पिढी उलटल्यावरच ध्यानात येते. हा बदल पाहायचा असेल तर मैफलीपेक्षा उपासनेचे संगीत पाहावे. मैफलीत गवई आवडला नाही तर त्याला पुन्हा बोलावीत नाहीत, एवढ्यावर भागते. देवापुढे काय गावे ह्यावरून मात्र बापलेकांतही तंटे होतात. नाशिक हे क्षेत्राचे गाव. एकीकडे पंचवटीतला रामनामाचा गजर आणि दुसरीकडे शरणपुरातल्या चर्चची घंटा. ह्यांतील दुसऱ्या सुराची कथा मराठी वाचकाला कमी परिचयाची आहे, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

शरणपूर म्हणजे आश्रयाचे गाव. चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइससाहेबांनी १८५४ च्या सुमारास नाशिकच्या वेशीबाहेर ही वसाहत उभारली. धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेली मराठी माणसे तेथे आली, तशीच गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही आली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शोधयात्रेत सामील झाला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्या प्रवाशाची शवपेटी वाहणाऱ्यांत उभा राहिला. अशा ह्या बहुरंगी वस्तीत गावे तरी काय? मिशनऱ्यांनी आपल्या देशाच्या चाली आणल्या आणि त्यांत मराठी शब्द बसविले. इंग्रजी चालीचा ठेका आघातावर चालतो, मराठी पद्य अक्षरांच्या आणि मात्रांच्या मापाने चालते. त्यामुळे शब्द नको तेथे तुटे, ऱ्हस्व अक्षर उगाच लांबे, आणि गाणाऱ्याला अर्थापेक्षा कसरतच अधिक घडे. खरे तर ह्या कोड्याचे उत्तर फादर स्टीफन्सने १६१६ सालीच ख्रिस्तपुराण ओवीत छापून देऊन ठेवले होते. पण गोव्यातले ते उत्तर देशावरच्या मंडळींना नव्याने शोधावे लागले.

ते शोधणाऱ्यांत अहमदनगरचे कृष्णराव सांगळे हे एक. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. ती वाट राजमार्ग झाली ती मात्र नारायण वामन टिळकांमुळे. टिळक नाशिकचे नव्हते, पण त्यांची घडण नाशिकची. येथेच गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि लक्ष्मीबाई त्यांच्या घरी आल्या त्या जवळच्याच जलालपूरहून. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण कानांचे धर्मांतर काही त्यांनी केले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, भजने लिहिली आणि कीर्तने उभी केली. टाळ-मृदंग हे मूर्तिपूजकांचे साहित्य, ते प्रभुमंदिरात कशाला, असे म्हणणारे लोक होते. १९१९ साली टिळक निवर्तले, आणि थोड्याच काळात त्यांचीच पदे मराठी ख्रिस्ती घराची जुनी आणि पवित्र ठेव मानली जाऊ लागली. ज्याला काल विटाळ म्हणत होते त्यालाच आज परंपरा म्हणू लागले. पुढे घडलेल्या साऱ्या गोष्टींची किल्ली ह्या एका उदाहरणात आहे.

त्याच काळात, १९२२ साली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी नाशिकात रामनाम आधाराश्रम स्थापिला. दरबारात आणि कोठीवर अडकलेले गाणे सभ्य घरांत आणावे आणि भजनाने ते शुद्ध करावे, ही त्यांची तळमळ. रामभक्त पलुस्कर आणि ख्रिस्तभक्त टिळक ह्यांची दैवते भिन्न, पण दोघांचाही भरवसा सामान्य माणसाच्या गळ्यावर होता. गाणे ऐकण्याची वस्तू न राहता सर्वांच्या मुखी यावे, हा दोघांच्या उद्योगाचा सारांश.

ह्या गाण्याच्या साथीला पेटी आली, आणि पेटीची कुळकथा मोठी मौजेची आहे. तिचा जन्म फ्रान्समधला, १८४२ च्या सुमाराचा. मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगी हातपेटी केली, आणि ती कीर्तनात, नाटकात, भजनी मंडळात, चर्चमध्ये सर्वत्र जाऊन बसली. इकडे खेड्यापाड्यांत ती अस्सल देशी मानली जात असता तिकडे आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून तिला साथीतून हद्दपार केले! तिच्या ठरीव स्वरांत मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, ती परकी आहे, हा आक्षेप. रवींद्रनाथांसारखा थोर माणूसही तिच्या विरुद्ध होता. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. चर्चने बाहेरून आणलेले वाद्य देशी ठरले आणि सरकारी नभोवाणीने ते परके ठरविले. शुद्धाशुद्धतेच्या निवाड्यांवर किती विसंबावे, हे ह्यावरून कळते.

पण नभोवाणीने केलेला खरा बदल वाद्याहून खोल होता. १९२७ साली मुंबईचे केंद्र सुरू झाले, १९५३ साली पुण्याचे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा माडगूळकर-फडक्यांच्या गीतांसाठी महाराष्ट्रभर घरोघर लोक रेडिओभोवती जमले. १९५२ साली माहितीमंत्री झालेल्या केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद केली, तेव्हा श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन गाठले. महायुद्धात फौजांसाठी उभारलेल्या शॉर्टवेव्ह यंत्रणेचा हा शांततेतला उपयोग. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारची रात्र तिने बळकावली. १९५७ साली विविधभारती काढून सरकारला श्रोत्यांमागे धावावे लागले. मंत्र्याच्या हुकुमाने अभिरुची घडत नाही, हा धडा त्या पाच वर्षांनी दिला.

धर्मप्रसारकही हवेवर आले. १९७० पासून सेशेल्स बेटांवरून फेबा रेडिओ भारतीय भाषांतून ख्रिस्ती कार्यक्रम देऊ लागला आणि शॉर्टवेव्हवरची त्याची प्रक्षेपणे २००३ पर्यंत चालली. खरखरीतून वरखाली होणारा तो आवाज, काट्याचा केसभर फरक, दिव्याचा हिरवा डोळा, ह्या गोष्टी आज आठवणीतच गोड आहेत. पण त्या गोडव्यात एक हानी लपली. जी माणसे संध्याकाळी एकत्र बसून गात होती, ती एकत्र बसून ऐकू लागली.

मग गिटार आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला आणि लोकसंगीताला उपासनेत वाव दिला, आणि वसईच्या मराठी कॅथलिक गावांत लॅटिनची जागा मराठीने घेतली. अमेरिकेत १९६९ साली लॅरी नॉर्मनने रॉकच्या ठेक्यावर ख्रिस्तगीतांची तबकडी काढली. ज्या ठेक्याला धर्मोपदेशक सैतानाचा म्हणत, त्याच ठेक्यावर ख्रिस्ताचे नाव आले. टिळकांच्या मृदंगावर झालेला आक्षेप इंग्रजीत पुन्हा ऐकू आला, इतकेच. आपल्याकडे ह्या लाटेचा मोठा शिंतोडा उडाला तो मुंबईत. १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक रंगभूमीवर आणले आणि त्यात यहूदाची भूमिका गायली ती आत्माराम भेंड्यांच्या चिरंजीवांनी, नंदू भेंड्यांनी. मराठी रंगभूमीच्या घरातला मुलगा बायबलातली कथा रॉकमध्ये गातो, हा योग टिळकांना रुचला असता की नाही कोण जाणे. त्यांचे कुतूहल मात्र खासच जागे झाले असते.

आज तरुणांच्या प्रार्थनासभांत ड्रम, कीबोर्ड आणि विजेची गिटार सरसकट दिसतात. वडीलधारी मंडळी नाके मुरडतात, आणि ज्या पेटीची बाजू ते घेतात ती स्वतः फ्रेंच आहे हे विसरतात. वाद्याच्या जातीवरून निवाडा करण्यात अर्थ नाही. विचारायचे ते एवढेच, की ह्या गाण्याने सभेतल्या मागच्या बाकावरच्या माणसाचे तोंड उघडते का? ज्या ठेक्यामुळे विशीतली मुले टाळ्या वाजवीत मराठीत गातात, तो ठेका टिळकांच्या वंशातला मानावा. ज्या ध्वनिक्षेपकाच्या गडगडाटात शेजाऱ्याचा आवाजच काय, स्वतःचाही ऐकू येत नाही, तो देशी भजनाचा असला तरी परकाच.

एक काम मात्र खोळंबले आहे. जुन्या पदसंग्रहांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या त्या काळच्या गाण्याचे नाव छापीत. ते गाणे विसरले गेले की पद मुके होते. अक्षरे राहतात, सूर जातो. त्या चाली आजीच्या तोंडून ऐकलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्या मुलांच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र सदैव असते, त्यांनी ह्या नाताळात गिटार जरा बाजूला ठेवून आजी-आजोबांकडून एकेक पद गाऊन घ्यावे. मग वाटल्यास गिटारवर बसवावे.