रस्त्याच्या लांबीची सूट : १९०६चं लंडन आणि आपला एनए प्लॉट

ले-आऊट मंजुरीच्या बातमीत कधीकधी एक ओळ येते, ‘रस्त्याच्या लांबीत शिथिलता’. आपण वाचून पुढे जातो. लांबीला कसली आलीय सूट? पण प्लॉट घेणाऱ्याच्या खिशाशी आणि जिवाशी संबंध असलेली ही ओळ आहे, आणि तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

तो इंग्लंडमध्ये सुरू होतो. कामगार वस्त्यांत कोंदट बोळ, पाठीला पाठ लावलेली घरं आणि कॉलरा. म्हणून १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर तिथल्या गावोगावच्या नियमांनी नवे रस्ते रुंद करायला लावले. नियम चांगलाच होता. पण त्यातून ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या फूटपट्टीनं आखलेल्या: लांबच लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा, झाडाचं नाव नाही. रुंद रस्त्याचा खर्च शेवटी घरावरच पडायचा.

लंडनच्या कडेला हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी ‘हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब’ वसवायचं ठरवलं. आखणी रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांची. ती नियमांत बसेना. तेव्हा १९०६ मध्ये त्या एकाच वसाहतीसाठी थेट संसदेतून कायदा करून घेतला! ५०० फुटांपर्यंत लांबीचा, फक्त घरांपाशी जाणारा, आरपार वाहतूक नसलेला रस्ता २० फुटांचा चालेल, अशी सूट मिळाली. फुकट नाही बरं का. समोरासमोरच्या घरांत किमान ५० फूट अंतर आणि एकरी सरासरी ८च घरं, या अटी पाळायच्या होत्या. रस्त्यातून वाचलेली जागा बागेला गेली. माझ्या मते या प्रकरणातली खरी अक्कल इथे आहे.

पुढे १९०९ मध्ये ब्रिटनचा नगररचना कायदा झाला, आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा. १९६६ मध्ये आपला एमआरटीपी आला, आणि डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर एकच विकास नियमावली आहे. तीत ले-आऊटमधल्या रस्त्याची रुंदी लांबीवर ठरते: १५० मीटरपर्यंत ९ मीटर, त्यापुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. ५०० फूट म्हणजे १५२ मीटर, हे जाता जाता लक्षात घ्या.

बंद रस्ता १५० मीटरच्या पुढे २७५ पर्यंत न्यायचा, तर १५० मीटरवर वळायला जादा जागा हवी. ती किमान ८१ चौरस मीटर, कुठलीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नाही. शिवाय रस्ता सरळ हवा आणि त्याचं बंद टोक सुरुवातीपेक्षा उंचावर हवं. पावसाचं पाणी शेवटच्या घरात शिरू नये, हे साधं कारण. खरी अडचण दाखवता आली तर प्राधिकरण मापांत सूटही देऊ शकतं. पण आरोग्य, आग आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये.

आता आपल्याकडे बघा. नकाशात रस्ता १४५ मीटरवर संपतो. दोन वर्षांनी शेजारच्या गटात दुसरा ले-आऊट पडतो आणि तोच ९ मीटरचा रस्ता पुढे सरकतो. वळायच्या जागेवर पत्र्याचं शेड, नाहीतर कुणाची तरी चारचाकी. घंटागाडी रिव्हर्समध्ये बाहेर येते. अग्निशमनचा बंब आत गेला तर? हॅम्पस्टेडवाल्यांनी सुटीच्या बदल्यात मोकळी जागा दिली होती. आपल्याकडे वाचलेल्या जागेतून दोन प्लॉट निघतात, आणि ते सगळ्यात आधी विकले जातात.

प्लॉट घेतला असेल तर मंजूर नकाशा काढा. नगरपरिषदेत मिळेल, नाही दिला तर माहिती अधिकारात मागा. त्यावर वळायची जागा कुठे दाखवलीय ते बघा आणि संध्याकाळी तिथे चक्कर मारून या. काय उभं आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा, फोटो असेल तर तोही टाका.