शिळाछापाची साक्ष

शिळाछाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या आडव्या पोथ्या येतात. फ्रान्समध्ये याच शिळेने एकदा राजसत्तेची झोप उडविली होती.

१८३० च्या क्रांतीने लुई फिलिप गादीवर आला. मुद्रणस्वातंत्र्याचे अभिवचन मिळाले. परंतु टीका झोंबू लागताच खटले आणि दंड सुरू झाले. ओनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने राजाला प्रजेचे धन गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात रेखाटले, म्हणून १८३२ साली तो तुरुंगात गेला. त्याचा प्रकाशक शार्ल फिलिपाँ याने दंडाची रक्कम उभारण्यासाठी वर्गणीदारांना दरमहा एक मोठे शिळाछाप चित्र देण्याचा उपक्रम आरंभिला.

एप्रिल १८३४ मध्ये लिआँच्या रेशीम-विणकरांनी उठाव केला. त्याचे लोण पॅरिसला पोहोचले. त्रान्स्नोनँ गल्लीतील १२ क्रमांकाच्या घरातून गोळी सुटली असे समजून १४ एप्रिलच्या पहाटे शिपाई आत घुसले आणि त्यांनी रहिवाशांची कत्तल केली.

दोमिएने हे चित्र काढले, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. चित्रात शिपाई नाही, बंदूक नाही. आहे ती एक खोली. विस्कटलेल्या बिछान्याला टेकून रात्रीचा सदरा व टोपी घातलेला पुरुष मरून पडला आहे आणि त्याच्या देहाखाली तान्हे मूल आहे. डावीकडे अंधारात एक स्त्री, उजवीकडे एका वृद्धाचे मस्तक, एक उलथलेली खुर्ची. खाली गल्लीचे नाव व तारीख.

घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड भिजवावयाचा आणि शाई फिरवावयाची; शाई रेघेला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. मध्ये कोरणारा कारागीर नसल्यामुळे चित्रकाराचा हात जसाच्या तसा प्रतीप्रतींत उतरतो. दुकानाच्या खिडकीत चित्र लागताच गर्दी लोटली. सरकारने दगड आणि सापडतील तेवढ्या प्रती जप्त केल्या. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. छापील शब्द म्हणजे मत, पण चित्र म्हणजे कृती, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. निरक्षर माणूसही खिडकीपाशी उभा राहून सत्य जाणू शकतो, हीच त्यामागची धास्ती होय.

१८५१ साली ती गल्ली बोबूर रस्त्यात सामावली गेली आणि तिचे नाव नकाशावरून पुसले गेले. जप्तीतून वाचलेल्या प्रतींखाली मात्र ते तारखेसह आजही वाचता येते.