माग काढणारी नजर

यावलच्या उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसते. सपाटीवरच्या माणसाला तो नुसता डोंगर. त्याच डोंगरात वाढलेल्या भिल्लाला मात्र तिथे पायवाट दिसते, पाणवठा दिसतो, जनावराचा माग दिसतो. डोळे दोघांचेही सारखेच. मग हा फरक कुठून आला?

कंपनी सरकारने १८१८ साली खानदेश घेतला, तरी डोंगरातले भिल्ल त्याला दबले नाहीत. अखेर १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. हा साहेब शिकारीचा मोठा शौकी. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या शिकारींत १९१ वाघ पडल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. बंदूक साहेबाची खरी. पण माग काढायला नजर लागे ती भिल्लांची.

रानातल्या माणसाची दृष्टी जन्मतःच तीक्ष्ण असते, असे त्या काळी युरोपात सर्रास मानीत. १८९८ साली केंब्रिजचे काही विद्वान ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले. त्यांतील रिव्हर्स यांनी बेटवासीयांचे डोळे तपासले. दृष्टी चांगली निघाली, पण अलौकिक काही नव्हते. दाट झाडीतला पक्षी ते चटकन टिपत, तो सवयीने आणि अवधानाने.

याचे इंगित पुढे अधिक उलगडले. आपली नजर संथ सरकत नाही. सेकंदाला सुमारे तीन उड्या मारते. अगदी स्पष्ट दिसतो तो लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढा भाग. म्हणून उडी कुठे मारावी, यालाच महत्त्व. यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले. माणसांची वये विचारली, तेव्हा नजर चेहऱ्यांवर गेली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली, तेव्हा कपड्यांवर आणि सामानावर. दिवाळीच्या अंगणात आजीला रांगोळीचा चुकलेला ठिपका आधी दिसतो आणि नातवाला फटाक्यांची पिशवी, ते यामुळेच!

रानही माणसाला प्रश्न विचारते: गवत कशाने वाकले? माती आता दबली की काल? वडीलधाऱ्यांमागे वर्षानुवर्षे हिंडून मूल त्यांची उत्तरे शोधायला शिकते. या नजरेला 'उपजत' म्हणणे ही वरवर स्तुती. पण तीत शिकवणाऱ्याचे श्रेय बुडते, आणि जे उपजत आहे ते जपायची काळजी तरी कोण करणार? १९६९ साली यावलचे अभयारण्य झाले. झाडांना आणि जनावरांना कायद्याचे कुंपण मिळाले. मागाची विद्या मात्र कुंपणाने राखली जात नाही. ती राहते जाणत्यामागून चालणाऱ्या पोराच्या डोळ्यांत.