टेबलावरचे इंजिन



स्मरणिका समितीच्या मुलांनी 'काका, तुमच्या त्या इंजिनावर काहीतरी लिहाच' असा आग्रह धरला. आमच्या गॅलरीतून दुपारी कानस घासल्याचा आवाज येतो तो कशाचा, हे बी विंगमध्ये बहुतेकांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा वर येऊन विचारलं होतं, "भाऊजी, एका खेळण्यासाठी या वयात एवढा खटाटोप?" तेव्हा मी नुसता हसलो, कारण उत्तर लांबलचक होतं. आज दोन पानं मिळाली आहेत, तर देऊन टाकतो.

आपल्याला वाटतं, मोठं इंजिन आधी आलं आणि त्याची छोटी नक्कल नंतर. इतिहास बराचसा उलटा आहे.

1763 सालच्या हिवाळ्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॉट नावाचा तरुण उपकरणं दुरुस्त करायचं काम करत होता. त्याच्याकडे वर्गात दाखवायचं एक मॉडेल दुरुस्तीला आलं. खाणींतलं पाणी उपसणाऱ्या न्यूकॉमेनच्या इंजिनाचं ते मॉडेल, सिलिंडरचा व्यास फक्त 2 इंच. वॉटने ते दुरुस्त केलं, पण चार-दोन फेरे मारून ते थांबायचं. बॉयलर पुरेसा असूनही वाफ पुरत नव्हती.

याचं गणित सोपं आहे. एखादी वस्तू लांबी-रुंदी-उंचीत दहापट लहान केली, तर तिचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आतली जागा हजारपट कमी होते. वाफ मावते आतल्या जागेत आणि उष्णता निसटते पृष्ठभागातून. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवी हजारपट घटल्या आणि खर्च मात्र शंभरपटच घटला. अशी शाखा चालायची कशी?

न्यूकॉमेनच्या इंजिनात वाफेचं पाणी करण्यासाठी दर फेऱ्याला सिलिंडरमध्येच थंड पाणी सोडत. सिलिंडर गार पडे आणि पुढची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. मोठ्या इंजिनातही हीच गळती होती, पण खाणीच्या तोंडाशी कोळसा स्वस्त, त्यामुळे ती खपून जायची. लहान मॉडेलने मात्र ती लपू दिली नाही. 1765 मध्ये वॉटला तोड सुचली. वाफ थंड करायची ती वेगळ्या भांड्यात आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा. 1769 मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते मॉडेल आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

पुढे वॉटच्याच कंपनीतल्या विल्यम मर्डॉकने 1784 च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी वाफेवर चालणारी तीनचाकी छोटी गाडी बनवली, स्पिरिटच्या दिव्यावर पळणारी. रात्री चर्चजवळच्या गल्लीत ती सुसाट सुटली आणि समोरून येणाऱ्या पाद्रीबाबांना साक्षात सैतान दिसला, असा किस्सा सांगतात. मालकांनी मर्डॉकला त्या नादातून परावृत्त केलं. पण त्याच मुलखातल्या रिचर्ड ट्रेविथिकने आधी छोटी मॉडेल्स करून पाहिली, 1801 मध्ये रस्त्यावर मोठी गाडी चालवली आणि 1804 मध्ये वेल्समध्ये रुळांवर इंजिन आणलं. त्यानंतर 49 वर्षांनी बोरीबंदरहून ठाण्याला आपली गाडी धावली.

रेल्वे रुळली तशी छोटी इंजिनं खरोखरच खेळणी झाली. इंग्लंडमध्ये पितळेची खेळण्यातली इंजिनं मिळत. ती जमिनीवर पाण्याची रेघ सोडत जायची, म्हणून त्यांना चक्क 'ड्रिबलर' म्हणजे 'लाळगळू' असं नाव पडलं होतं!

मग जानेवारी 1898 मध्ये लंडनला पर्सिव्हल मार्शल यांनी 'द मॉडेल इंजिनिअर' हे मासिक काढलं आणि त्याच वर्षी हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली. 1907 पासून प्रदर्शनं भरू लागली. घरातल्या छोट्या खोलीत, नाहीतर मागच्या शेडमध्ये लेथ. तोही पुष्कळदा पायाने चालवायचा, शिलाई मशीनसारखा. स्टुअर्ट टर्नरसारख्या कंपन्या बिडाचे ओतीव भाग विकत. ते कातायचे, घासायचे, जुळवायचे ते आपण घरी. त्यांचं '10 व्ही' हे उभं इंजिन घेऊन पिढ्यान् पिढ्या लोकांनी हात बसवला आहे. त्याचा सिलिंडर पाऊण इंच व्यासाचा, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा.

1922 मध्ये त्या मासिकात मोठा वाद पेटला. त्याला 'बॉयलरची लढाई' म्हणतात. हेन्री ग्रीनली यांच्यासारख्या जाणकारांचं मत असं, की इतक्या लहान इंजिनाला स्पिरिटची बत्तीच बरी. 'एल.बी.एस.सी.' या नावाने लिहिणारा कर्ली लॉरेन्स म्हणाला, नाही, मोठ्या इंजिनासारखा कोळशाचाच बॉयलर चालतो. त्यात आगीच्या नळ्या पाण्यातून गेलेल्या असतात. आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. तेच तत्त्व, फक्त नळ्या अनेक. लॉरेन्सने आपलं 'आयेशा' नावाचं इंजिन पुढे आणलं. रुळांमधलं अंतर अवघं अडीच इंच, पण त्याने मोठी माणसं ओढून दाखवली. 1924 च्या प्रदर्शनानंतर हौशी कारागिरांचा कल कोळशाकडे वळला. लॉरेन्स पुढे सुमारे चार दशकं सोप्या भाषेत लिहीत राहिला आणि ज्यांनी कधी कानस धरली नव्हती अशा असंख्य लोकांनी त्याचं वाचून इंजिनं बनवली.

आता माझं. 1974 मध्ये बँकेत लागलो, पहिली नेमणूक मुंबईत फोर्टला. जेवणाच्या सुट्टीत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर या मासिकाचे काही जुने अंक मिळाले. वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना ते दाखवले, तेव्हा म्हणाले, "चित्रं बघून इंजिन होत नाही, हात काळे करावे लागतात." माझे हात पुढची सदतीस वर्षं फक्त शाईने काळे झाले. वडील तोवर राहिले नाहीत.

निवृत्तीनंतर सुरुवात केली. सिलिंडर एका टर्नरकडून कातून घेतला, बाकीचं कानस, हॅक्सॉ आणि हाताचं ड्रिल. बॉयलर तांबट आळीतल्या एका कारागिराने बंबासारखा करून दिला. तो तपासताना वाफ भरत नाहीत बरं का! काठोकाठ पाणी भरून, कामाच्या दुप्पट दाब पंपाने द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी पाणी गळतं एवढंच. वाफ असती तर स्फोट.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा इंजिन पाणी थुंकलं आणि बंद पडलं. दोन महिने मी सांधे तपासत बसलो. मग एका रात्री वॉटचं मॉडेल आठवलं. माझाही सिलिंडर गार होता! दुसऱ्या दिवशी सिलिंडरला सुती दोरी गुंडाळली, चाक हाताने फिरवून आतलं पाणी काढलं, सिलिंडर तापू दिला. इंजिन चाललं. गच्चीवर तेव्हा जमलेली मुलं आता नोकऱ्या करताहेत. मला मात्र त्या क्षणी वडील हवे होते. हात दाखवायला.

तर वहिनी, खेळणं आहेच. पण मोठ्या यंत्रात जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही. म्हणून खटाटोप.

हल्ली माझा हात थरथरतो. दुसरं इंजिन अर्ध्यावर आहे. ए विंगमधली सातवीतली एक मुलगी रविवारी येते. तिची कानस माझ्यापेक्षा सरळ चालते. पंपरूमशेजारची रिकामी खोली, एक भक्कम टेबल आणि एक व्हाइस एवढी सोय झाली, तर माझी सगळी हत्यारं सोसायटीच्या मुलांसाठी द्यायला मी तयार आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तसा अर्ज देणार आहे. कृपया अनुमोदन द्यावे.